अलिबागचे तक्ते आणि आपला लॅपटॉप : यादी मोठी, मेमरी छोटी

रात्री प्रोग्रॅम लावून झोपायचं, सकाळी उत्साहाने उठून बघायचं, आणि काळ्या पडद्यावर एकच शब्द दिसावा : ‘किल्ड’. ना कारण, ना ओळ क्रमांक. तुम्हाला हा अनुभव अजून आला नसेल, तर संशोधनाच्या पहिल्या वर्षभरात येईलच. अर्थ साधा असतो. तुमच्या प्रोग्रॅमने संगणकाकडे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी मागितली, आणि बाकीचं सगळं बंद पडू नये म्हणून लिनक्सने तुमचाच प्रोग्रॅम मारला.

माझ्या बाबतीत ती यादी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापांची होती. लॅपटॉप आठ जीबीचा. मी रॅम वाढवायला किती पैसे लागतील ते बघायला लागलो, तेव्हा गाईड म्हणाले, “सगळी यादी एकदम हातात कशाला पाहिजे तुला?” प्रश्न ऐकून तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की याच प्रश्नाचं उत्तर रायगडच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांहून आधीपासून देऊन झालेलं आहे. या लेखात तो इतिहास सांगतो, आणि त्यातून आज डेटाबेसवर काम करताना काय घ्यायचं तेही.

कुलाबा ते अलिबाग

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली. जहाजांसाठी अचूक वेळ सांगणं आणि आकाशाचे वेध घेणं, हे तिचं मूळ काम. १८४१ मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे चुंबकीय मोजमापं सुरू झाली, आणि १८४६ पासून ती नियमित झाली. सुरुवातीला माणूस दुर्बिणीतून चुंबकाची हालचाल बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स चेंबर्स यांच्या काळात फोटोग्राफीच्या कागदावर अखंड नोंद घेणारी यंत्रं आली. प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर रेघ काढायचा, आणि नंतर त्या रेघेवरून तासातासाचे आकडे मोजून काढायचे.

१८९६ मध्ये नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे लवकरच एक पेच उभा राहिला. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार होत्या. विजेची ट्राम म्हणजे जमिनीतून भटकणारे विद्युत प्रवाह, आणि प्रवाह आला की त्याचं चुंबकीय क्षेत्र आलं. पृथ्वीच्या क्षेत्रातला बारीकसा बदल टिपणारं यंत्र मग ट्रामचं वेळापत्रकच टिपत बसलं असतं.

म्हणून मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. मुंबईपासून सरळ रेषेत साधारण तीस किलोमीटर, समुद्राला लागून. तिथे १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला, कारण तो चुंबकीय नाही. लोखंड कुठेही येऊ दिलं नाही. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक काढता आला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावली, तोवर हे काम उरकलेलं होतं.

डेटा एका जागेवरून दुसरीकडे हलवताना जुनं आणि नवं काही काळ शेजारी शेजारी चालवा, मग जुनं बंद करा. डेटाबेस बदलताना हा नियम आजही तसाच लागू आहे.

जाता जाता एक गंमत. अलिबागसमोरच्या समुद्रातल्या किल्ल्याचं नावही कुलाबाच, आणि रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होतं. तेव्हा जुन्या कागदावर नुसतं ‘कुलाबा’ दिसलं, तर ते मुंबईचं की अलिबागकडचं, हे तपासूनच तक्त्यात भरा. केवळ नावावर दोन तक्ते जोडले, तर जुळू नयेत त्या ओळी जुळतात, आणि मेमरीही फुकट भरते.

साठ वर्षं बरोबर एक वर्ष

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचा दोन भागांतला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आकड्यांचे तक्ते आणि त्यांची चर्चा, दोन्ही आहे. भूचुंबकत्वाच्या अभ्यासात तो अजूनही मोलाचा मानला जातो.

आता थोडा हिशेब करू. वर्षात सरासरी ८,७६६ तास. तासाला एक आकडा धरला, तर साठ वर्षांचे एका घटकाचे ५,२५,९६० आकडे. (मधे खंड नाहीत असं हिशेबापुरतं धरतोय.) आणि आज दर मिनिटाला एक आकडा घेणारं यंत्र एका वर्षात किती आकडे देतं? ८,७६६ तास गुणिले ६० मिनिटं, म्हणजे पुन्हा ५,२५,९६०. मूस यांच्या ग्रंथाला साठ वर्षं लागली, तेवढी यादी मिनिटाच्या नोंदीत एका वर्षात तयार होते. दर सेकंदाची नोंद घेतली तर एका घटकाचे वर्षाला ३,१५,५७,६०० आकडे, आणि तीन घटकांचे साडेनऊ कोटींच्या आसपास.

मग मूस यांच्या वेळच्या मंडळींनी सव्वापाच लाखांची यादी संगणकाशिवाय कशी हाताळली? वेधशाळांच्या जुन्या वार्षिकांत बघा. एका पानावर एक महिना. दिवसाला एक ओळ, तासाला एक रकाना. उजवीकडे दिवसाची सरासरी, तळाशी तासाची सरासरी. हिशेब करणाऱ्याच्या नजरेसमोर एका वेळी फार तर ३१ गुणिले २४, म्हणजे ७४४ आकडे. पान संपलं की पुढे फक्त सारांश जातो, आणि वर्षाच्या सारांशासाठी बारा सारांश पुरतात. अशा तक्त्याला स्वतःचा ताळाही असतो. सगळ्या ओळींच्या बेरजांची बेरीज आणि सगळ्या रकान्यांच्या बेरजांची बेरीज एकच आली पाहिजे. नाही आली, तर चूक त्याच पानावर आहे, सगळी वही उलगडायची गरज नाही.

आज आपण याला ‘चंक’ करून वाचणं म्हणतो. कल्पना तीच आहे.

२,०४८ शब्दांची मेमरी

संगणक आल्यावर ही अडचण संपली नाही, उलट जास्त टोकदार झाली. मुंबईच्या कुलाब्यातच, जुन्या वेधशाळेपासून जवळ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात घडवलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कामाला लागला. त्याची मेमरी होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. शब्दाला एक आकडा धरला आणि प्रोग्रॅमला जागाच ठेवली नाही, तरी तासाच्या नोंदींचे एका घटकाचे ८५ दिवस मावतील. साठ वर्षांची यादी सरकवायला २५७ फेऱ्या लागतील.

त्या काळात जगभर याच अडचणीवर डोकं चालत होतं. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्येच एडव्हॅक या यंत्रासाठी क्रमवारीचा प्रोग्रॅम लिहिला होता, आणि त्याचा गाभा होता विलीनीकरण. दोन लावलेल्या याद्या असतील, तर दोन्हींचा फक्त पहिला आकडा बघा, लहान असेल तो उचला, पुढे सरका. याद्या कितीही लांब असोत, मेमरीत दोनच आकडे लागतात. पुढे चुंबकीय टेपच्या जमान्यात यातूनच बाह्य क्रमवारीची पद्धत रुळली. मेमरीत मावेल एवढा तुकडा आणा, क्रमाने लावा, टेपवर परत लिहा. सगळे तुकडे झाले की टेपा शेजारी लावून विलीन करा.

हा इतिहास जुना झाला असं समजू नका. तुम्ही पोस्टग्रेस वापरत असाल, तर ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ लावून मोठी क्रमवारी करून बघा. उत्तरात ‘एक्स्टर्नल मर्ज’ असे शब्द आणि डिस्कवर किती जागा लागली ते दिसेल. टेपच्या जागी डिस्क आली, एवढाच फरक. एका क्रमवारीसाठी किती मेमरी वापरायची, हे ‘वर्क मेम’ नावाच्या सेटिंगवर ठरतं, आणि ते न बदलल्यास ४ एमबी असतं. मर्यादा ओलांडली की डेटाबेस बंद पडत नाही, डिस्ककडे वळतो आणि हळू होतो.

मग ते वाढवायचं का? आपल्या सेशनपुरतं वाढवा, पण हिशेब करून. ही मर्यादा सगळ्या डेटाबेसला मिळून एक नसते. प्रत्येक जोडणीतल्या प्रत्येक क्रमवारीला ती वेगळी मिळते. २५६ एमबी केलं, वीस जण जोडलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या क्वेरीत दोन क्रमवाऱ्या आहेत, तर १० जीबी गेले. विभागाच्या सामायिक सर्व्हरवर हे केलंत, तर दुसऱ्याचं काम तुमच्यामुळे अडेल. त्याआधी वेळेच्या रकान्यावर इंडेक्स आहे ना ते बघा. इंडेक्स मुळात क्रमाने लावलेला असतो, त्यामुळे बऱ्याचदा क्रमवारी करावीच लागत नाही.

माझी यादी कुठे अडली

आता माझ्या ‘किल्ड’कडे येतो. तिथे एकात एक अडकलेल्या तीन चुका होत्या, आणि तिन्ही सर्रास होणाऱ्या आहेत.

पहिली चूक क्वेरीत. भूचुंबकत्वात दर महिन्याचे पाच सर्वांत शांत दिवस निवडण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. वादळं बाजूला ठेवून रोजचा नेहमीचा चढउतार बघायचा, तर हेच दिवस घ्यायचे. मी काय केलं? वर्षाच्या साठ शांत दिवसांची सगळी मिनिटं आधी पायथॉनमध्ये तयार केली, म्हणजे ८६,४०० वेळा, आणि ती सगळी यादी ‘इन’च्या कंसात कोंबली. डेटाबेसने नकार दिला. पोस्टग्रेस एका क्वेरीत ६५,५३५ पेक्षा जास्त पॅरामीटर घेत नाही, कारण ती संख्या १६ बिटांत पाठवली जाते. ओरॅकलमध्ये कंसातल्या यादीची हद्द बराच काळ हजाराची होती. एसक्यूलाइटची मर्यादा आधी ९९९ होती, २०२० नंतर ३२,७६६ झाली.

मी यादीचे दोन तुकडे केले आणि काम भागवलं. ते चुकलंच. खरं तर यादी ८६,४०० ची नव्हतीच, ती साठ तारखांची होती. साठ ओळींचा एक तात्पुरता तक्ता करायचा, तारखेवर मुख्य तक्त्याला जोडायचा, बस्स. यादी खरोखरच लाखोंची असेल, तेव्हाही हाच मार्ग : ‘कॉपी’ने तात्पुरत्या तक्त्यात भरा, ‘ॲनालाइझ’ चालवा म्हणजे डेटाबेसला तक्त्याचा अंदाज येईल, आणि मग जोडा.

दुसरी चूक निकाल उचलताना. पायथॉनमधून ‘फेच ऑल’ म्हटलं, की सगळा निकाल तुमच्या मेमरीत येतो. आणि सायकोपीजी २ चा साधा कर्सर तर क्वेरी चालवली त्याच क्षणी सगळा निकाल इकडे ओढून घेतो. नंतर तुम्ही ‘फेच वन’ म्हणा नाहीतर काही म्हणा, भार आधीच पडलेला असतो. कर्सरला नाव दिलंत, तर तो सर्व्हरवर राहतो आणि ओळी थोड्या थोड्या देतो. तुकड्यांनीच मागायचं असेल, तर ‘ऑफसेट’ टाळा, कारण दर वेळी आधीच्या सगळ्या ओळी मोजून फेकाव्या लागतात. शेवटची वेळ लक्षात ठेवा आणि त्यापुढच्या ओळी मागा.

तिसरी चूक साठवणीची. दशांश आकडा मुळात ८ बाइटचा. पण पायथॉनच्या साध्या लिस्टमध्ये प्रत्येक आकड्यामागे २४ बाइटची वस्तू आणि तिच्याकडे बोट दाखवणारे ८ बाइट, असे ३२ बाइट जातात. सेकंदाच्या नोंदींचं तीन घटकांचं एक वर्ष लिस्टमध्ये सुमारे ३ जीबी खातं, आणि नमपायच्या ॲरेमध्ये पाऊण जीबी. तीन वर्षं लिस्टमध्ये भरली की आठ जीबीचा लॅपटॉप गेलाच.

वाचवताना काय गमावतो

इथवर सगळं तंत्र झालं. पण संशोधनात खरा धोका पुढे आहे. प्रोग्रॅम बंद पडला तर निदान कळतं तरी. मेमरी वाचवायच्या नादात उत्तर चुकलं, तर ते कळत नाही आणि प्रबंधात जाऊन बसतं.

अलिबागला क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. जागा वाचवायची म्हणून कुणी हे आकडे १६ बिटांच्या दशांश प्रकारात ठेवले, तर ३२,७६८ च्या वर त्या प्रकाराची पायरीच ३२ नॅनोटेस्लाची होते. शांत दिवसाचा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो. म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा, तोच गायब. ३२ बिटांत एकेक आकडा ठीक बसतो, पण साध्या लूपने कोट्यवधी आकड्यांची बेरीज त्याच प्रकारात करत गेलात, तर पायरी वाढत जाते. बेरीज एक लाख कोटींच्या वर गेली की ३८ हजार मिळवूनही हलत नाही. सेकंदाच्या नोंदींचं जेमतेम एक वर्षही त्यात निभत नाही. म्हणून साठवण छोट्या प्रकारात चालेल, बेरीज ६४ बिटांत करा. किंवा शंभराने गुणून ३२ बिटांचे पूर्णांक ठेवा, ३८ लाख त्यात आरामात बसतात.

सरासरीच्या सरासरीचाही फसवा मामला असतो. आयएजीए २००२ या प्रचलित फाइल-रचनेत नसलेल्या नोंदीच्या जागी ९९,९९९ लिहितात. ते आधी काढा. काढल्यावर प्रत्येक तुकड्यात आकडे कमीजास्त उरतात, म्हणून तुकड्यांच्या सरासऱ्यांची सरासरी घेऊ नका. प्रत्येक तुकड्याची बेरीज आणि मोजणी ठेवा, शेवटी भागा. मूस यांच्या पद्धतीच्या पानावर हे हाताने झालं असतं. आपल्या कोडमध्ये ते आपल्यालाच लिहावं लागतं.

आणि शेवटची गोष्ट, १८५९ ची. त्या वर्षीच्या १ आणि २ सप्टेंबरला आजवर नोंदलेलं बहुधा सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आलं. कॅरिंग्टन वादळ म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीच्या तासावर न थांबता काही मिनिटांच्या अंतराने आकडे लिहिले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या. क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचं त्यांत दिसतं. तेच आकडे तासाच्या सरासरीत बसवले की घसरण जवळपास निम्म्यावर येते. ‘जागा नाही’ म्हणून फक्त तासाच्या सरासऱ्या ठेवल्या असत्या, तर त्या वादळाचा अर्धा जोर आपल्या हाती लागलाच नसता. हातात वही आणि दिव्याचा उजेड असताना त्या माणसांनी जास्तीचे आकडे लिहिले, म्हणून दीडशे वर्षांनी कुणाला तरी ते वापरता आले.

म्हणून माझा नियम आता असा आहे. मूळ नोंद कधीच दाबायची नाही, ती डिस्कवर पडून राहू दे, डिस्क स्वस्त आहे. मेमरीत फक्त लागेल तेवढं आणायचं. सारांश काढला तर तो वेगळ्या तक्त्यात ठेवायचा, आणि कुठल्या क्वेरीने काढला ते सोबत लिहायचं.

तुमचा प्रोग्रॅम पुढच्या वेळी ‘किल्ड’ झाला, तर रॅमच्या किमती बघण्याआधी कागदावर चार आकडे मांडा : ओळी किती, एका ओळीला बाइट किती, गुणाकार किती, आणि आपल्याकडे मेमरी किती. मग डेटाबेसला विचारा की बेरीज, गाळणी, जोडणी यातलं काय तो तिकडेच करून देईल. उरलेलं महिन्यामहिन्याने आणा, आणि प्रत्येक महिन्याला ताळा लावा.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे, म्हणजे पुन्हा रायगड जिल्ह्यातच, आणि अलिबागची नोंद अजून चालू आहे. कधी अलिबागला गेलात, तर समुद्रावर जाता जाता त्या आवाराकडे नजर टाका. तिथल्या आकड्यांवर काम करायची वेळ आलीच, तर पहिल्या दिवशी एकच महिना उघडा.